लिटल रॉकची शाळा आणि केंद्राचा हुकूम

एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता. अमेरिकेतील अर्कान्सास राज्याच्या लिटल रॉक शहरात, सेंट्रल हायस्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांनी ४ सप्टेंबर १९५७ रोजी एकत्र जायचे, असे डेझी बेट्स या कार्यकर्तीने आदल्या रात्री ठरवले. इतरांना निरोप मिळाला, एलिझाबेथला नाही. पंधरा वर्षांची ही मुलगी स्वतः शिवलेला पोशाख घालून एकटीच बसने आली. बंदूकधारी जवानांचा पहारा पाहून तिला धीर आला. जवानांनी गोऱ्या मुलांना आत सोडले आणि तिच्यापुढे मात्र बंदुका आडव्या धरल्या. मागे जमाव ओरडत होता. ती कशीबशी बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. त्या सकाळचे तिचे छायाचित्र जगभर पोहोचले.

हे जवान राज्याच्या नॅशनल गार्डचे होते आणि गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना शांतता राखण्याच्या नावाखाली आणले होते. वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. अंमलबजावणीविषयी मात्र १९५५ मध्ये ‘विचारपूर्वक त्वरेने’ एवढेच सांगितले. दक्षिणेतल्या राज्यकर्त्यांनी यातला ‘विचारपूर्वक’ तेवढा घेतला, ‘त्वरा’ सोडून दिली.

अध्यक्ष आयसेनहॉवर या निकालाचे उघड समर्थन करायला कधीच तयार नव्हते. पण न्यायालयाने गार्ड हटवायला लावल्यावर २३ सप्टेंबरला जमावाच्या भीतीने मुलांना दुपारच्या आत शाळेबाहेर काढावे लागले, आणि प्रश्न संघराज्याच्या अधिकाराचाच झाला. शिवाय शीतयुद्ध चालू होते. आशिया-आफ्रिकेतले नवस्वतंत्र देश सारे पाहत होते. २४ तारखेला अध्यक्षांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारावर सैनिक धाडले आणि राज्याचा गार्ड आपल्या हुकुमाखाली घेतला. दुसऱ्या दिवशी नऊही मुले लष्कराच्या पहाऱ्यात शाळेत गेली.

पण वर्गात, जिन्यावर, न्हाणीघरात सैनिक किती पुरणार? ढकलणे, थुंकणे, शिव्या रोजच्याच. कॅफेटेरियात वाट अडवणाऱ्या मुलांच्या अंगावर मिनिजीन ब्राउनच्या हातातला रश्श्याचा वाडगा सांडला आणि तिला निलंबित केले गेले; फेब्रुवारी १९५८ मध्ये तर शाळेतूनच काढले. अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. तेव्हा समारंभात मार्टिन ल्यूथर किंग उपस्थित होते. त्यानंतर फॉबस यांनी शहरातली चारही हायस्कुले वर्षभर बंद ठेवली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच उघडल्या नाहीत. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षे गेली ती गेलीच.

म्हणजे नुसत्या लष्कराने काम भागेना. १९६३-६४ मध्ये, निकालाला जवळजवळ दहा वर्षे झाल्यावरही, दक्षिणेच्या अकरा राज्यांत गोऱ्यांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुले जेमतेम १.२ टक्के होती. खरी कळ दाबली गेली ती पैशाची. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने भेदभाव करणाऱ्या संस्थांचा केंद्रीय निधी रोखण्याची तरतूद केली, आणि १९६५ च्या शिक्षण कायद्याने शाळांना एक अब्ज डॉलरहून अधिक निधी दिला. आता नकार महाग पडू लागला. न्याय खात्यालाही खटले भरण्याचा अधिकार मिळाला. तोवर तो भार आईबापांच्याच खांद्यावर होता.

मग पळवाटा निघाल्या. ‘शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य’ हे त्यांतले सर्वांत गोंडस नाव. व्हर्जिनियाच्या न्यू केंट काउंटीत तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही, आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले जुन्याच शाळेत राहिली. १९६८ मध्ये न्यायालयाने ही युक्ती अपुरी ठरवली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तर ‘विचारपूर्वक त्वरे’चा काळ संपला, वेगळ्या शाळा ताबडतोब बंद करा, असे बजावले.

शाळा एकत्र झाल्या, पण बंद पडली ती बहुधा कृष्णवर्णीयांची शाळा. तिथल्या हजारो शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांना नवे वर्ग मिळाले. मात्र त्या वर्गांत फळ्यापाशी उभे राहणारे त्यांच्यातले शिक्षक पुष्कळदा दिसेनासे झाले.