रेसिडेंट ईव्हिल

रेसिडेंट ईव्हिल : कॅपकॉम या जपानी कंपनीने निर्माण केलेली भयप्रधान व्हिडिओ गेमांची मालिका. जपानमध्ये ती ‘बायोहॅझर्ड’ (जैविक धोका) या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करणे अवघड असल्याने जपानबाहेर ‘रेसिडेंट ईव्हिल’ हे नाव योजण्यात आले. मालिकेचा पहिला भाग २२ मार्च १९९६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. शत्रूंचा संहार करण्यापेक्षा अपुऱ्या साधनांनिशी जीव वाचवणे हेच जेथे खेळाचे सूत्र असते, अशा खेळांना ‘सर्व्हायव्हल हॉरर’ ही संज्ञा प्रामुख्याने याच खेळामुळे रूढ झाली. मुख्य क्रमांकित भाग, पूर्वकथा, उपकथा आणि जुन्या भागांच्या पुनर्निर्मिती यांमुळे मालिकेचा विस्तार इतका वाढला आहे, की नवख्या खेळाडूने आरंभ कोठून करावा, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. एकाच नावाच्या दोन, क्वचित तीन भिन्न कृती उपलब्ध असल्याने तो अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. मालिकेतील भयाची यंत्रणा कशी घडली व कशी पालटत गेली, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

पूर्वपीठिका : या मालिकेचे मूळ ‘स्वीट होम’ (१९८९) या कॅपकॉमच्याच खेळात आहे. कियोशी कुरोसावा दिग्दर्शित त्याच नावाच्या जपानी चित्रपटावर आधारलेला हा खेळ तोकुरो फुजिवारा यांनी निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी तयार केला. पछाडलेला वाडा, त्यात अडकलेली मोजकी माणसे, प्रत्येकाजवळ वस्तू ठेवण्यास मर्यादित जागा, दार उघडतानाचे दृश्य आणि मागे सापडलेल्या टिपणांतून उलगडणारा पूर्वेतिहास ही रेसिडेंट ईव्हिलची पुढे ओळख ठरलेली वैशिष्ट्ये त्यात बीजरूपाने आढळतात. हीच कल्पना अधिक समर्थ यंत्रावर साकारण्याचे काम फुजिवारा यांनी शिंजी मिकामी या तरुण सहकाऱ्याकडे सोपवले.

दुसरा प्रभाव फ्रान्समधून आला. फ्रेडरिक रेनाल यांच्या ‘अलोन इन द डार्क’ (१९९२) या खेळात हाताने रंगवलेल्या स्थिर पार्श्वभूमीवर त्रिमितीय आकृत्या फिरत असत आणि प्रत्येक खोली ठरावीक कोनांतूनच दिसे. चालत्या प्रेतांची कल्पना मात्र मुख्यतः जॉर्ज रोमेरो यांच्या अमेरिकन चित्रपटांवरून घेतलेली आहे. पुढे या मालिकेच्या दुसऱ्या भागाची जपानी दूरचित्रवाणीवरील जाहिरात खुद्द रोमेरो यांनीच दिग्दर्शित केली, हा योगायोग लक्षणीय आहे.

पहिला भाग : १९९८ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील रॅकून सिटी या काल्पनिक शहरालगतच्या डोंगराळ भागात एक पोलीस पथक बेपत्ता होते. त्याच्या शोधार्थ निघालेले दुसरे पथक एका ओसाड हवेलीत आश्रय घेते. हवेलीखाली अम्ब्रेला या औषधनिर्मिती कंपनीची गुप्त प्रयोगशाळा असून तेथील विषाणूमुळे माणसे व प्राणी विकृत झाले आहेत, असे हळूहळू उघड होते. ख्रिस रेडफील्ड किंवा जिल व्हॅलेंटाइन यांपैकी एकाची भूमिका खेळाडूस निवडावी लागते.

कथानक साधे आहे. संवादांचा दर्जाही, विशेषतः मूळ इंग्रजी ध्वनिमुद्रणात, हास्यास्पद म्हणून प्रसिद्ध आहे. खेळाचे सामर्थ्य त्याच्या बंधनांत आहे. आरंभी हा खेळ पात्राच्या डोळ्यांतून दिसेल असा योजण्यात आला होता. परंतु प्लेस्टेशन या यंत्राच्या मर्यादेत अपेक्षित तपशीलाचे दृश्य त्या पद्धतीने उभे करणे शक्य झाले नाही. त्या यंत्राची मुख्य स्मृती केवळ २ मेगाबाइट होती. त्यामुळे खोल्यांची चित्रे आधीच तयार करून ठेवण्यात आली आणि कॅमेरे स्थिर झाले. याचा एक अनपेक्षित लाभ झाला. कोपऱ्यापलीकडे काय आहे हे पात्राला दिसू शकत असले, तरी खेळाडूला दिसत नाही. त्याला केवळ पावलांचा किंवा कण्हण्याचा आवाज ऐकू येतो. एका खोलीतून दुसरीत जाताना नवे दृश्य यंत्रात भरण्यास वेळ लागे. तो झाकण्यासाठी काळोखात संथपणे उघडणाऱ्या दाराचे दृश्य दाखवण्यात आले आणि तेच भीतीचे साधन बनले.

दुसरे बंधन साधनसामग्रीचे. ख्रिसजवळ सहा, तर जिलजवळ आठच वस्तू राहू शकतात. बंदूक, काडतुसे, औषधी वनस्पती, किल्ल्या या सर्वांनी तेवढीच जागा वाटून घ्यावयाची असते. उरलेल्या वस्तू ठरावीक खोल्यांतील पेट्यांत ठेवता येतात. खेळातील प्रगतीची नोंदही केव्हाही करता येत नाही. त्यासाठी टंकलेखन यंत्र गाठावे लागते व दर वेळी शाईची एक फीत खर्ची पडते. परिणामी प्रत्येक मृत्यूने खेळाडूचा अर्धा-पाऊण तासाचा श्रम वाया जाऊ शकतो. समोरच्या झॉम्बीवर गोळ्या खर्चाव्यात, की त्याला चुकवून पुढे जावे, हा निर्णय त्यामुळे खरोखर जोखमीचा होतो. पडद्यावरील प्रेतापेक्षा शिल्लक काडतुसांचा हिशेबच अधिक धास्ती निर्माण करतो. मालिकेच्या पुढील सर्व भागांचे मूल्यमापन या दोन बंधनांच्या, म्हणजे मर्यादित दृष्टी व मर्यादित साधने यांच्या, आधारे करता येते.

विस्तार (१९९८–२०००) : हिदेकी कामिया दिग्दर्शित दुसरा भाग १९९८ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्याचे बरेच पूर्ण झालेले पहिले रूप समाधानकारक न वाटल्याने टाकून देण्यात आले व काम नव्याने करण्यात आले. विषाणू आता रॅकून सिटीत पसरला असून नोकरीवर रुजू होण्यास आलेला पोलीस लिऑन केनेडी आणि भावाच्या शोधात आलेली क्लेअर रेडफील्ड यांची कथा दोन तबकड्यांवर विभागलेली आहे. एकाचा खेळ संपल्यावर दुसऱ्याचा सुरू होतो आणि पहिल्याने केलेल्या निवडीचे परिणाम दुसऱ्याला भोगावे लागतात. उदा., शस्त्रागारातील चांगली वस्तू पहिल्याने उचलली, तर ती दुसऱ्याला मिळत नाही. टंचाईचे तत्त्व येथे नैतिक निवडीच्या पातळीवर पोहोचते.

तिसऱ्या भागात (१९९९) नेमेसिस हा पाठलाग करणारा शत्रू दारे ओलांडून मागे येतो. त्यामुळे दाराआड सुरक्षितता असते, हा तोवरचा समज मोडतो. या भागाची कथा दुसऱ्या भागाच्या थोडी आधी सुरू होऊन नंतर संपते. ‘कोड : व्हेरोनिका’ (२०००) हा सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रासाठीचा भाग क्रमांकित नसला, तरी कथेच्या दृष्टीने मुख्य धारेतीलच आहे. स्थिर चित्रांऐवजी संपूर्ण त्रिमितीय पार्श्वभूमीचा वापर मालिकेच्या मुख्य धारेत येथून सुरू झाला.

पहिल्या भागाची पुनर्निर्मिती : २००२ मध्ये मिकामी यांनीच पहिला भाग निन्टेंडोच्या गेमक्यूब यंत्रासाठी पुन्हा घडवला. हवेलीचा आराखडा ओळखीचा ठेवूनही जुन्या खेळाडूचे अंदाज चुकतील, अशी रचना त्यांनी केली. मारलेला झॉम्बी जाळला नाही वा त्याचे मस्तक उडवले नाही, तर काही काळाने तो अधिक चपळ व हिंस्र होऊन उठतो. जाळण्यासाठी लागणारे रॉकेल मात्र मोजकेच असते. त्यामुळे शत्रूला मारणे हीसुद्धा एक जबाबदारी ठरते. स्थिर कॅमेरा व वस्तूंची मर्यादा कायम राखून त्यांची धार वाढवल्याने ही आवृत्ती मूळ कल्पनेचा परिपक्व आविष्कार मानली जाते. त्याच वर्षी आलेला ‘झिरो’ हा भाग कथाक्रमाने सर्वांत आधीचा आहे. तथापि दोन पात्रांना आलटूनपालटून हाताळण्याची त्याची पद्धत आधीच्या भागांशी परिचय असल्याचे गृहीत धरते.

दिशाबदल : चौथ्या भागाची (२००५) अनेक प्रारूपे बाद झाली, त्यांपैकी एकातून ‘डेव्हिल मे क्राय’ (२००१) ही स्वतंत्र मालिका जन्मली. अखेर मिकामी यांनी कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आणला. स्पेनमधील एका खेड्यात घडणाऱ्या या खेळात झॉम्बींऐवजी टोळीने चालून येणारे, बोलणारे ग्रामस्थ आहेत. काडतुसे तुलनेने मुबलक असून शस्त्रे विकणारा व्यापारीही भेटतो. मात्र नेम धरताना पात्राला चालता येत नाही, या एकाच बंधनावर भयाचा तोल सांभाळलेला आहे. या खेळातील कॅमेऱ्याच्या मांडणीचा प्रभाव नंतरच्या असंख्य साहसी खेळांवर पडला.

पाचवा (२००९) व सहावा (२०१२) हे भाग या वाटेने आणखी पुढे गेले. पाचव्यात सतत एक साथीदार सोबत असल्याने एकाकीपणा नाहीसा झाला. आफ्रिकेतील कृष्णवर्णीय जमावाच्या चित्रणावरून त्याच्या पहिल्या झलकीपासूनच वादही उद्‌भवला. सहाव्यात स्फोट व पाठलाग यांचे प्राबल्य असून त्यातून भय जवळजवळ लोपले, अशी टीका झाली.

सातव्या भागाने (२०१७) हा प्रवाह रोखला. लुइझियानातील एका कुटुंबाचे पडके घर, एकटा नायक व पुन्हा मोजकी साधने असा त्याचा घाट असून दृश्य पात्राच्या डोळ्यांतून दिसते. यंत्राच्या मर्यादेमुळे मिकामी यांनी दोन दशकांपूर्वी सोडून दिलेला मार्ग अशा रीतीने मालिकेने पुन्हा स्वीकारला. ‘व्हिलेज’ (२०२१) हा आठवा भाग याच नायकाची कथा पुढे नेतो. नववा भाग २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला.

मूळ कृती आणि पुनर्निर्मिती : दुसरा (२०१९), तिसरा (२०२०) व चौथा (२०२३) हे भागही पुन्हा घडवण्यात आले. २००२ च्या प्रयोगाहून त्यांचे स्वरूप भिन्न आहे. दुसऱ्या व तिसऱ्या भागातील स्थिर कॅमेरा काढून चौथ्या भागाची खांद्यामागची दृष्टी त्यांना देण्यात आली. दुसऱ्या भागाची पुनर्निर्मिती अत्यंत कुशल असून वस्तूंची टंचाई तीत कसोशीने राखली आहे. परंतु दोन पात्रांच्या कथांचा परस्परांवर होणारा परिणाम तीत फारसा उरला नाही. तिसऱ्यात खेळाडूच्या तत्काळ निर्णयाचे प्रसंग आणि घड्याळाच्या मनोऱ्यातील संचार गाळण्यात आला. चौथ्यात चालता चालता गोळी झाडता येते, म्हणजे मूळ खेळाचा कणाच बदलला.

या आवृत्त्या जुन्याच नावांनी विकल्या गेल्यामुळे मूळ कृती झाकोळल्या गेल्या. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत ग्रंथालयात वाचता येते. खेळाचे तसे नाही. तो ज्या यंत्रावर चालतो, ते कालबाह्य झाले की धडधाकट तबकडीही मूक होते. पहिल्या तीन भागांच्या मूळ संगणकीय आवृत्त्या २०२४ मध्ये जीओजी या विक्रीसंस्थेने आधुनिक संगणकांवर चालतील अशा रूपात उपलब्ध केल्या. मूळ कृतींशी थेट परिचय करून घेणे त्यामुळे पुन्हा सुकर झाले.

आरंभ कोठून करावा : कथेतील कालक्रमानुसार ‘झिरो’ पासून सुरुवात करणे वरवर तर्कशुद्ध वाटते, पण पूर्वकथेतील रहस्ये उत्तरकथा ठाऊक असणाऱ्यासाठीच रचलेली असल्याने तो मार्ग श्रेयस्कर नाही. सर्वांत उचित आरंभ म्हणजे पहिल्या भागाची २००२ मधील पुनर्निर्मिती. तिची सुधारित दृश्यांची आवृत्ती २०१५ पासून अनेक यंत्रांवर उपलब्ध झाली असून तीत पात्र हाताळण्याची सोपी पद्धतही निवडता येते. स्थिर कॅमेरा आरंभी अडचणीचा वाटतो. तथापि हवेलीचा नकाशा मनात ठसल्यावर ती अडचण हाच खेळाचा आशय असल्याचे ध्यानात येते. जिलची भूमिका घेतल्यास जागा अधिक मिळत असल्याने नवख्यास ती सोयीची होय.

त्यानंतर १९९८ चा दुसरा भाग आणि मग त्याची २०१९ मधील पुनर्निर्मिती असा क्रम ठेवल्यास, एकच पोलीस ठाणे दोन पिढ्यांच्या दृष्टींतून कसे वेगळे भासते, हे स्पष्ट होते. पुढे २००५ चा चौथा व २०१७ चा सातवा भाग खेळल्यावर मालिकेची चारही प्रमुख वळणे परिचित होतात. उरलेले भाग रुचीप्रमाणे घ्यावेत. जुन्या पद्धतीची सवय करून घेण्याइतकी सवड ज्यांना नाही, त्यांनी २०१९ च्या दुसऱ्या भागापासून आरंभ करण्यास हरकत नाही. मात्र आपण पाहतो ते १९९८ च्या कृतीचे नंतरच्या काळाने केलेले वाचन आहे, याची जाणीव त्यांनी ठेवली पाहिजे. मोजक्या मेगाबाइटांच्या व मोजक्या काडतुसांच्या कोंडीतून एक कलाप्रकार कसा आकारास आला, हे जुन्या हवेलीच्या दारातून आत शिरल्यावरच पुरतेपणी उमगते.