तलवारी, जुन्या : पारख व संग्रह

ऐतिहासिक तलवारींचा काळ, घडण व अस्सलपणा ठरवून त्या जतन करण्याची विद्या. मराठवाड्यातील तिचा सर्वांत मोलाचा ठेवा नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे आहे (पहा : गोविंदसिंग, गुरू). गुरूंचे निर्वाण येथे १७०८ मध्ये झाले. त्यांची म्हणून पूजिली जाणारी शस्त्रे गर्भगृहात असून तख्तस्नानाच्या वेळी गोदावरीच्या पाण्याने धुतली जातात. हा संग्रह श्रद्धेचा आहे, बाजाराचा नव्हे. त्याची किंमत ठरत नाही.

पारखताना पाते व मूठ यांचा काळ वेगवेगळा तपासावा लागतो. फिरंग तलवारीत सरळ युरोपीय पाते देशी मुठीत बसवलेले असते (पहा : फिरंग). मुठीत लाखेने पक्की केलेली पात्याची शेपटी सहसा दिसत नाही. जपानी कतानाची मूठ मात्र बांबूची खुंटी काढताच सुटते. शेपटीवरील कारागिराची सही आणि गंजाचा रंग हाच तेथे मुख्य पुरावा, म्हणून तो गंज कधी घासत नाहीत. आपल्याकडे वारशाच्या तलवारी दसऱ्याला घासून लखलखीत करण्याची सवय आहे. तीत पोलादावरील जौहराची लहर व सोन्याचे कोफ्तकाम झिजते, आणि हे नुकसान भरून येत नाही. पात्यावरील लेख नंतरही कोरलेला असू शकतो.

शंभर वर्षांहून जुन्या तलवारीची खासगी निर्यात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निषिद्ध आहे. रघूजी भोसले यांची देवनागरी लेखाची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत मिळवली (पहा : नागपूरकर भोसले).