घुमट घेऊन जुहूला

सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला, वाकोल्याच्या पुढं कोलेकल्याण हे आमचं गाव. आता सगळे कलिना म्हणतात. रिक्षावाल्याला कोलेकल्याण सांगितलं तर तो आधी मान वळवून आपल्याकडं बघतो. गाव पाखाड्यांचं. पाखाडी म्हणजे ख्रिस्ती वस्तीची वाडी. प्रत्येक पाखाडीच्या तोंडाशी एक क्रूस, मागं कौलारू घरं, आणि घरं संपली की भाताची खाचरं. पीक एकच, पावसाळी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा, आणि मग कापणी. जानेवारीत एरंगळची जत्रा. त्यानंतर उपासाचे चाळीस दिवस. त्यात गाणं नाही, लग्न नाही, हिंडणं नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या घराला फिरायला वेळ मिळायचा तो पास्काच्या सणापासून मृगाच्या पावसापर्यंत. साधारण दोन महिने.

तेही मोकळे नसायचे. मे महिन्यात आमच्या बायका वर्षाचा मसाला करत. मिरच्या, धणे, हळद आणि दुसऱ्या वीसेक जिनसा उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, लाकडी उखळात कांडायच्या आणि बिअरच्या रंगीत बाटल्यांत ठासून भरायच्या. त्यावरूनच त्याला बाटली मसाला म्हणतात. कौलं परतायची, लाकडं भरायची, सुकी मासळी घ्यायची. पुरुषांना राब भाजून बांध घालायचे असत. या सगळ्यातून एखादा दिवस काढला की त्याला आम्ही सहल म्हणत नव्हतो. 'न्हायला जायचं' म्हणायचो. न्हायला म्हणजे जुहूला.

जुहू हे जुन्या काळी बेटच होतं. साष्टीच्या पश्चिम अंगाला वाळूची एक लांबट पट्टी, मधे खाडी, आणि ओहोटीला माणसं चालत पलीकडं जात. आमच्या लहानपणी खाडी बुजत आली होती, रस्ता झाला होता. पहाटे तीनला गाडी जुंपायची. वाकोल्यावरून रेल्वेच्या फाटकाशी यायचं, तिथं गाडी हमखास अडायची. पुढं घोडबंदर रोड, ज्याला आता स्वामी विवेकानंद रोड म्हणतात, तो ओलांडला की ताडाची झाडं लागायची आणि वाऱ्याला खारा वास यायचा. गाडीत भाकऱ्यांची टोपली, कैरी घालून केलेलं सुक्या बोंबलाचं कालवण, पाण्याचे दोन हंडे आणि आजीच्या मांडीवर घुमट. घुमट म्हणजे मातीचा घट, दोन्ही बाजूंनी तोंड असलेला, एका तोंडावर कातडं ताणून बसवलेलं. तो फुटू नये म्हणून आजी त्याला तान्ह्या पोरासारखा धरायची.

समुद्रात न्हाणं हे औषध होतं. मे महिन्याच्या खाऱ्या पाण्यात बुडी मारली की पावसाळ्यात खरूज होत नाही, सांधे धरत नाहीत, असं म्हाताऱ्या सांगत. त्यात किती खरं ते डॉक्टरांनी सांगावं. आजी लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आम्हाला एकेक करून ओढायची. "डोले मिट, तोंड मिट," एवढंच म्हणायची आणि डोकं पाण्याखाली. मग ताडगोळे, भाकरी, आणि ऊन तापायच्या आत सुरूच्या सावलीत गाणी. आमच्या गाण्यांत लग्नाची गाणी जास्त. व्याह्याला चिडवायचं, नवरीच्या सासूला नावं ठेवायची, मांडवातल्या माणसांची नावं घालून नवीन कडवी तिथल्या तिथं रचायची. भाषा आमची बोली, उत्तर कोकणातली मराठी, त्यात पोर्तुगीज शब्द मिसळलेले.

आजीच्या आठवणीतलं जुहू निराळं होतं. १९२८ साली तिथं विमानतळ झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटांचं विमान तिथंच उतरलं. विमान बघायला माणसं पायी जात, तीही एक सहलच. आणि १९४४चा उन्हाळा तर आजी वारंवार सांगायची. एप्रिलच्या १४ तारखेला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला. पुढच्या महिन्यात गांधीजी पुण्याच्या आगाखान महालातल्या कैदेतून सुटले आणि विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले. त्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला लोकांची रीघ लागायची. आमची माणसं त्या वर्षी न्हायला गेली ती संध्याकाळपर्यंत थांबली. आजी म्हणायची, "म्हातारा लय लांब होता, पांढरा ठिपका दिसला." गाडीत घुमट होता, पण त्या दिवशी कुणी वाजवला नाही.

दूर जायचं तर विहार. हा तलाव इंग्रजांनी १८६० साली बांधून पुरा केला, मुंबईला नळाचं पाणी देण्यासाठी. त्याच्या आणि पवईच्या सांडव्याचं पाणी मिठी नदीतून आमच्या गावाजवळून माहीमच्या खाडीला जायचं. आजोबांच्या तरुणपणी ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी एक छोटी रेल्वे आमच्या अंगानं धावत होती. १९२८ला सुरू झाली, १९३४ला बंदही पडली. तिच्यातून जाऊन आलेली माणसं गावात म्हातारपणापर्यंत ते सांगत असत, जणू विलायतेला जाऊन आली होती.

पण मे महिन्यातली रोजची सहल म्हणाल तर ती पाखाडी ते पाखाडी. ३ मे हा जुन्या पंचांगात पवित्र क्रूस सापडल्याचा सण. १९६०मध्ये रोमनं तो दिवस सार्वत्रिक पंचांगातून काढला, पण गावठाणातले क्रूस काही कुणी काढले नाहीत. आमच्या भागातले पुष्कळ क्रूस १८९६ला आलेल्या प्लेगच्या साथीनंतरचे आहेत. साथ टळावी म्हणून, टळली म्हणून लोकांनी उभारलेले. आमच्या स्टेशनाचं नावही पवित्र क्रूस असंच आहे, पोर्तुगीजांच्या भाषेतलं. मे महिन्यात रोज संध्याकाळी एकेका क्रूसाशी रोझरी व्हायची, मग लदीन गायचं, आणि शेवटी उकडलेले चणे. आम्ही पोरं चण्यांसाठी वाकोल्यापर्यंत जायचो. प्रार्थना तीच, क्रूस मात्र निराळा, आणि कुणाकडं चण्यात खोबरं घालतात ते आम्हाला पाठ होतं.

इथं भाषेचं सांगितलं पाहिजे. कारण पुढं उन्हाळी सहलींचं जे झालं ते तिच्यामुळं.

आम्ही ईस्ट इंडियन. हे नाव ऐकून लोकांना वाटतं आम्ही बंगालकडचे. आमचे वाडवडील इथलेच. साष्टी, मुंबई, वसई इथली शेती-मिठागरं करणारी माणसं, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेली. १७३९मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, साष्टीही घेतली, पुढं १७७४मध्ये साष्टी इंग्रजांकडं गेली. रेल्वे आणि आगबोटी आल्यावर नोकरीसाठी गोव्याचे, मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत आले. तेही पोर्तुगीज नावांचे, आम्हीही. आपण निराळे, इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून आमच्या पुढाऱ्यांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं होताना, ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव घेतलं आणि संघटना काढली. साहेबाच्या कंपनीचं नाव घेतलं आणि आपली मराठी घरात ठेवली, असा तो सौदा. मला तो कधीच फायद्याचा वाटला नाही.

देवळात तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये. म्हणजे सगळ्यांना सारखीच न कळणारी. १९६४च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्त परिषदेला आले तेव्हा त्यांचं विमान आमच्या सांताक्रूझलाच उतरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, मी पापांच्या खांद्यावर. त्याच सुमारास व्हॅटिकनच्या महासभेनं ठरवलं की उपासना लोकांच्या भाषेत करता येईल. आमच्या म्हाताऱ्यांना वाटलं, आता आपली मराठी वेदीवर चढणार. पण सांताक्रूझमधले लोक कोण? गोवेकर कोकणी बोलणारा, मंगळूरकर कोकणी पण निराळी, केरळवाला मलयाळी, आणि आम्ही. सगळ्यांना मिळून एकच जमायची ती इंग्रजी. शाळाही इंग्रजी. मराठीच्या वाट्याला उरला तो क्रूसाशी रोझरी आणि मे महिन्यात न्हायला जाणं.

आणि न्हायला जाणंही कमी होत होतं. लढाईच्या काळात इंग्रजी हवाई दलानं सांताक्रूझला विमानतळ केला, तो पुढं नागरी झाला आणि वाढतच गेला. धावपट्टीसाठी मिठीलासुद्धा वळण घ्यावं लागलं. १९७०च्या सुमारास कलिन्याला विद्यापीठाचं आवार उभं राहिलं. शेत गेलं की बैल कशाला? बैल गेले की गाडी गेली. बसनं जुहूला वीस-पंचवीस मिनिटांत जाता यायचं, पण बसमधे भाकरीची टोपली आणि घुमट घेऊन कोण चढणार? दोन तासांत लोक परत यायला लागले.

अशा वेळी देवळात तरुणांचा गट निघाला. तो सगळीकडंच त्या काळात निघत होता. दर आठवड्याला बायबल, चर्चा, गिटार. आणि मे महिन्यात सहल. आरे कॉलनीतलं छोटा काश्मीर, पवई, कान्हेरीची लेणी, वसईचा किल्ला, मनोरी. मुली-मुलांनी एकत्र दिवसभर बाहेर जाणं ही गावठाणाला नवी गोष्ट. आयांनी अट घातली की एक वडीलधारी बाई बरोबर पाहिजे. ती बहुतेक वेळा माझी मावशी असायची, कारण तिला चाळीस माणसांचं कालवण अंदाजानं करता यायचं.

१९७८च्या मे महिन्यात आम्ही मनोरीला गेलो. मालाडहून बसनं मार्वे, तिथून होडीनं खाडी पार. दुपारच्या जेवणानंतर गाणी. इंग्रजी झाली, मग गोव्याच्या पोरांनी मांडो म्हटला, मग दुलपद, आणि काय रंगलं म्हणून सांगू! मंगळूरच्या मुलींनी त्यांचं म्हटलं. मग कुणी तरी विचारलं, "गावठाणवाले, तुमचं काय?" आमच्यातले सगळे वाळूकडं बघायला लागले. मराठी म्हणजे कामवाल्यांची, मासळीवाल्यांची, असं शाळेत शिकवलेलं नसतं पण मुलं शिकतातच. तेवढ्यात मावशीनं रिकामं पातेलं मांडीवर उपडं घेतलं. बोटांनी ताल धरला आणि व्याह्याच्या टोपीवरचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आमच्या मुलींनी उचललं. सकाळपासून इंग्रजीशिवाय न बोललेल्या मुलींना सगळी कडवी येत होती. कुठून? तर लहानपणी जुहूला जाताना गाडीत ऐकलेली, लग्नांत ऐकलेली. गोव्याच्या पोरांनी गिटारीवर सूर पकडला. पातेलं चेपलं ते वेगळंच.

बरोबर आलेले फादर मंगळूरकडचे. त्यांनी होडीत मावशीला सांगितलं, ही गाणी लिहून काढा. मावशीला लिहिता येत नव्हतं. एका मुलीनं लिहून घ्यायचं कबूल केलं, पण तिला बाळबोध लिपी धड येत नव्हती. तेव्हा तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिली. तीन उन्हाळ्यांत त्या वहीत बेचाळीस गाणी जमली. आपलीच बोली, आपल्याच मावशीच्या तोंडची, आणि वाचायची ती इंग्रजी अक्षरं लावून! 'ळ' आणि 'ल' यांत फरक नाही, 'ण' आणि 'न' यांत नाही. पण आमच्या बोलीत तो तसाही फारसा नव्हता, म्हणून निभावलं.

पुढं गट पांगला. कुणी आखाताला, कुणी कॅनडाला. १९८९मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं, मग सहल म्हणजे पाळणे असं ठरून गेलं. तिथल्या कर्ण्यांच्या आवाजात कुणी गात नसे. मी पोरांना दोष देत नाही, पाळण्यात बसून ओरडायचंच असतं.

मी आता भाईंदरच्या पुढं डोंगरीला मामांच्या वाडीत भाजी करतो. इथं अजून भात होतं, आगेरा होतो, मे महिन्यात क्रूसाशी चणे मिळतात. गेली सहा-सात वर्षं सांताक्रूझकडचा एक तरुण गट मे महिन्यात एक दिवस वाडीवर येतो. पहिल्या वर्षी त्यांनी मोठा स्पीकर आणला होता. मी म्हटलं, तो संध्याकाळी लावा, दुपारी माझ्याकडं घुमट आहे. जुना घुमट घोरपडीच्या कातड्याचा होता, ते आता कायद्यानं चालत नाही आणि चालू नयेच. मी बकऱ्याचं कातडं बसवून घेतलंय. आवाज थोडा बोदा येतो.

वहीची मी नक्कल करतोय, आपल्या अक्षरांत. दहावीपर्यंतचं मराठी पुरतं, पण काही शब्दांना अडतो. मावशी नाही, लिहिणारी मुलगी आता आजी झाली आणि टोरांटोला असते. मागच्या मे महिन्यात गटातल्या एका पोरीनं तिला मोबाईलवर फोन लावला आणि माझा अडलेला शब्द विचारला. तिकडं रात्र होती. तिनं झोपेतून उठून तो शब्द सांगितला नाही, सबंध कडवं म्हणून दाखवलं. पोरांनी ते रेकॉर्ड करून घेतलं. एकोणतीस गाणी उतरवून झाली, तेरा राहिली आहेत.