छायाचित्राची कात्री

छायाचित्रास साक्षीदार मानण्याची आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस खोड आहे. पण साक्षीदारही फितूर होतो. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या कांठीं स्टालिनशेजारीं येझोव उभा असलेलें १९३७ सालचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. गुप्त पोलिसांचा हा प्रमुख पुढें मर्जींतून उतरला, १९४० सालीं त्याला देहान्त शासन झालें, आणि छायाचित्रांत त्याच्या जागीं कालव्याचें पाणी आलें! त्या कामीं कसबी कारागीर लागला, पाठीशीं राजसत्ता लागली.

हें कसब यंत्राबरोबर घरोघर जाऊं लागलें तें १९८४ सालीं बिल अ‍ॅटकिन्सनच्या ‘मॅकपेंट’नें व १९८५ सालच्या पहिल्या ‘विंडोज’मधील ‘पेंट’नें. २०१७ सालीं पेंटच्या निवृत्तीची वार्ता येतांच लोकांनीं एवढा गलबला केला कीं तें राहिलें. २०२३ सालीं तर चित्राची पार्श्वभूमि एका टिचकीसरशी पुसण्याची सोयही त्यास मिळाली.

कातरण्यास आमचा विरोध नाहीं. पण आजोबांच्या लग्नाच्या छायाचित्रांतला कोपऱ्यांतला गडी नको म्हणून कातरला, मूळ फाइलीवरच ‘सेव्ह’ केलें आणि पेंट मिटलें, कीं तो कायमचा गेला. मागें फिरण्याची कळ पेंट उघडें असेपर्यंतच चालते. नवरदेवाचें नांव पत्रिकेंत तरी सांपडतें. त्या गड्याचें दुसरें चित्र बहुधा कोठेंच नसतें. मॅकवरील ‘फोटोज’ मूळ प्रत राखून ठेवतें, पेंट ठेवीत नाहीं. म्हणून लॅपटॉप घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांस आम्ही आधीं ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवें नांव द्यावयास लावतों, आणि मगच कात्री.