मानवी हक्क कायदा, आंतरराष्ट्रीय : संशोधनाची साधने (बुलढाणा)

बुलढाण्यात बसून या कायद्याचा अभ्यास करणाऱ्याने केवळ कराराच्या मजकुरावर थांबू नये. भारताने तो कधी व कोणत्या अटींवर स्वीकारला, हे संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहात पाहावे. तो इंटरनेटवर मोफत खुला आहे. उदाहरणार्थ, स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नाहीसे करण्याचा करार १९७९ चा. भारताने १९९३ मध्ये त्याचे अनुसमर्थन केले, पण सक्तीची विवाहनोंदणी तत्त्वतः मान्य असली तरी एवढ्या विशाल देशात व्यवहार्य नाही, असे निवेदन सोबत जोडले. नवखे अभ्यासक नेमके हेच निवेदन वाचायचे सोडतात. महाराष्ट्राने मात्र विवाहनोंदणीचा कायदा १९९८ मध्ये केला होता. सीमा विरुद्ध अश्विनीकुमार (२००६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या निवेदनाची दखल घेऊनही देशभर नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. निकालपत्र मुळातूनच वाचावे. बातमीवर विसंबू नये.

स्थानिक साधनांत बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हा निबंध अवश्य धरावा. तो कायद्याचा स्रोत नव्हे. परंतु सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेच्या निमित्ताने लिहिलेला असल्याने न्यायातील स्त्री-पुरुष भेदाचा तो अस्सल समकालीन पुरावा आहे. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणला.