नाकातून देण्याची फ्लूची लस

इन्फ्लुएन्झाचा, म्हणजेच फ्लूचा विषाणू शरीरात शिरतो तो नाका-घशाच्या अस्तरातून. दंडावर टोचलेल्या लशीमुळे प्रतिपिंडे तयार होतात ती मात्र मुख्यतः रक्तात. त्यामुळे आजार गंभीर होणे बऱ्याच अंशी टळते. नाकातली विषाणूची वाढ आणि प्रसार तितकासा थांबत नाही. नाकातून लस दिली, तर अस्तरात ‘आयजीए’ ही प्रतिपिंडे पाझरतात आणि विषाणूला दारातच अडवतात. थोड्या बदललेल्या विषाणूलाही ती धरू शकतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

हा गुण महत्त्वाचा, कारण फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो. त्याच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा वरचा भाग झपाट्याने बदलतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतील विषाणू नव्याने सुचवते. याच प्रथिनाचा देठ आणि विषाणूच्या आतील न्यूक्लिओप्रथिन फारसे बदलत नाहीत. व्यापक संरक्षण देऊ पाहणाऱ्या लशींचा रोख या भागांवर असतो.

नाकातली लस तशी नवी नाही. अमेरिकेत ‘फ्लूमिस्ट’ला २००३ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यातला दुर्बल केलेला जिवंत विषाणू सुमारे २५ अंश सेल्सिअसला चांगला वाढतो, त्यामुळे नाकात तग धरतो; फुप्फुसांच्या उबेत त्याची वाढ खुंटते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही २०१० मध्ये ‘नेझोव्हॅक’ ही अशीच लस आणली. मात्र फ्लूमिस्ट एच१एन१विरुद्ध कमी पडल्याने २०१६ ते २०१८ असे दोन हंगाम अमेरिकेत तिची शिफारस थांबली होती. लशीतला एच१एन१ विषाणू बदलल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

जिवंत विषाणू नको, तर अस्तराला जागे करणारे सहायक द्रव्य लशीत घालावे लागते. तिथे सावधगिरी हवी. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात ई. कोलाय जिवाणूचे विष सहायक म्हणून वापरलेली नाकातली लस दिली गेली. काहींच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि लस मागे घ्यावी लागली.

मोजमापाची अडचण वेगळीच. टोचायच्या लशीचा अंदाज रक्तातील प्रतिपिंडांवरून बांधता येतो. नाकातल्या लशीसाठी तसा सर्वमान्य निकष नाही, म्हणून हजारो लोकांवर प्रत्यक्ष चाचण्या घ्याव्या लागतात.