शिसपेन्सिल, हनिमूनवरचं फसलेलं स्केच आणि पेशव्यांचा गेंडा

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण त्याचं निमित्त माझ्या टेबलावर पडलंय. एक एचबी, एक २बी, एक ६बी, मऊ खोडरबर आणि साधी स्केचबुक. गेले आठ महिने रात्री लॅपटॉप मिटला की मी पेन्सिलने हुबेहूब चित्रं काढायला शिकतोय. कप, किल्ल्या, स्वतःचा डावा हात (उजवा कामात असतो). परवा टीममधल्या एका मित्राने विचारलं, "अरे, हे फोनवर एका सेकंदात होतं. मग कशाला एवढी मेहनत?"

प्रश्न खवचट होता, पण चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर शोधत मी इटलीतल्या एका तळ्याकाठी पोचलो आणि तिथून थेट पुण्यात.

आधी हातातल्या वस्तूबद्दल बोलू. आपण शिसपेन्सिल म्हणतो. टोक मोडलं की "शिस तुटलं" म्हणतो. पण पेन्सिलीत शिसं नसतंच. इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात सोळाव्या शतकात एक काळा, गुळगुळीत खनिजाचा साठा सापडला. लोकांना वाटलं, ही शिशाचीच एखादी जात असणार. १७७९ मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की हा कार्बन आहे, आणि १७८९ मध्ये त्याला ग्राफाइट हे नाव मिळालं. तोवर गैरसमज भाषेत मुरला होता. इंग्रजीत आजही 'लेड' आहे, आपल्याकडे 'शिस'. लीगसी कोडसारखं आहे हे. कोणी काढत नाही, कारण काम चाललंय ना!

बॉरोडेलचं ग्राफाइट इतकं शुद्ध आणि घट्ट होतं की करवतीने कापून थेट लाकडात बसवता यायचं. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायलाही ते लागायचं, त्यामुळे खाणीतून चोरी होऊ नये म्हणून १७५२ मध्ये खास कायदा झाला. मग १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध सुरू झालं आणि फ्रान्सचा पुरवठा आटला. पर्याय शोधायचं काम निकोला-जाक काँतेकडे आलं. हा माणूस मला फार आवडतो. मुळात पोर्ट्रेट काढणारा चित्रकार, नंतर युद्धासाठी बलून बनवणारा इंजिनिअर. प्रयोगात स्फोट होऊन त्याचा एक डोळा गेला होता. त्याने हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची पूड केली, त्यात चिकणमाती आणि पाणी मिसळलं, कांड्या वळल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

खरी गंमत इथे आहे. माती जास्त घातली की कांडी कडक होते आणि रेघ फिकी येते. कमी घातली की मऊ, काळीभोर. म्हणजे टंचाईवर उपाय शोधताना चित्रकाराला गडद-फिकटाची अख्खी शिडी मिळाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांनी एच आणि बी पेन्सिलींवर आईवडिलांचे पैसे घालवलेत, त्याचं मूळ हे. (आणि ६बीने कितीही घासलं तरी डोळ्याची बाहुली काळी न होता चकाकते, तो तुमचा दोष नाही. ग्राफाइटचे पापुद्रे कागदावर सपाट बसतात आणि उजेड परतवतात. पूर्ण काळं हवं असेल तर कोळसा घ्या.)

आता तळं. ऑक्टोबर १८३३. इटलीतलं कोमो सरोवर. हेन्री फॉक्स टॅलबट हा इंग्रज गृहस्थ बायकोबरोबर हनिमूनच्या प्रवासात आहे. केंब्रिजला गणित शिकलेला, ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद, पण चित्रकलेत कच्चा. त्याच्याकडे कॅमेरा ल्युसिडा नावाचं यंत्र आहे, ज्याचं पेटंट १८०६ चं. दांडीवर बसवलेला छोटा काचेचा लोलक. डोळा बरोबर त्याच्या कडेवर धरला की समोरचा देखावा खालच्या कागदावर पडल्यासारखा दिसतो आणि आपण फक्त गिरवायचं. यात कॅमेरा नाही, फिल्म नाही. आहे तो नुसता लोलक आणि तुमचा हात.

टॅलबटने गिरवलं. लोलकावरून डोळा काढला तर कागदावर केविलवाण्या रेघा. देखावा नाहीसा. त्या वैतागातून त्याच्या डोक्यात आलं की हे प्रतिबिंब कागदाने स्वतःच धरून ठेवलं तर? घरी येऊन त्याने चांदीच्या क्षारांनी कागद माखून प्रयोग केले. १८३५ मध्ये आपल्या घराच्या खिडकीचं एक इवलंसं निगेटिव्ह मिळवलं. १८३९ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा यानेही घाईघाईने आपलं काम जाहीर केलं. छायाचित्रांचं जे पुस्तक त्याने १८४४ पासून भागाभागाने काढलं, त्याचं नाव 'द पेन्सिल ऑफ नेचर'. फोटोच्या पुस्तकाच्या नावात पेन्सिल!

म्हणजे मित्राने विचारलं ते उलटं आहे. फोनमधल्या कॅमेऱ्याचा एक पूर्वज एका नवशिक्याच्या फसलेल्या पेन्सिल स्केचमधून जन्मला.

मग यंत्र असूनही टॅलबटला जमलं का नाही? गिरवायला तर सगळं समोर दिसत होतं. मला वाटतं, जो कोणी आठवडाभर बसलाय त्याला हे कळतं. हात कमी पडतो हे खरंच, पण त्याआधी डोळा कमी पडतो. कुठली रेघ महत्त्वाची आणि कुठली सोडायची, हे लोलक सांगत नाही. डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने १९९९ मध्ये लंडनला आंग्रची पेन्सिल पोर्ट्रेट्स पाहिली आणि त्याला शंका आली की इतके लहान आणि इतके अचूक चेहरे नुसत्या नजरेने काढलेले नसावेत, कॅमेरा ल्युसिडा वापरला असणार. आंग्र म्हणजे नेपोलियनच्या पाडावानंतर रोममध्ये अडकलेला फ्रेंच चित्रकार, जो पोटापाण्यासाठी इंग्रज पर्यटकांची पेन्सिल चित्रं काढायचा आणि त्या कामाला स्वतः कमी लेखायचा. हॉकनीचा दावा बऱ्याच अभ्यासकांना पटत नाही. हॉकनीने स्वतः ते यंत्र घेऊन म्युझियमच्या रखवालदारांची पोर्ट्रेट्स काढली. ती बघा. ती हॉकनीचीच वाटतात, आंग्रची नाही. त्यामुळे "ग्रिड टाकली म्हणजे चीटिंग" वगैरे जे वाद इन्स्टाग्रामवर चालतात, त्यात मी पडत नाही.

उन्हाळ्यात गावी आजीला समोर बसवून काढलं. तासभर. ती मटार सोलत होती, त्यामुळे मान सारखी हलत होती. फोटोवरून काढताना चेहरा एकच असतो. इथे दर पाच मिनिटांनी वेगळा, आणि त्यातला कुठला ठेवायचा ते मला ठरवायचं होतं. झाल्यावर तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही तर माझी आई रे." पणजीचा एकही फोटो कुणाकडे नाही. मी तिला पाहिलेलंही नाही.

तो कागद आजीने परत दिला नाही, म्हणून इथे दाखवू शकत नाही.

आता पुण्याकडे. पण वाटेत गोवा लागतो. १५१५ च्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो पाहिला नाही. त्याला मिळालं एक वर्णन आणि एक स्केच. त्यावरून त्याने जो लाकडी ठसा केला, त्यात गेंड्याला चिलखतासारखे पत्रे आहेत आणि खांद्यावर एक जादा छोटं शिंग. दोनशेहून अधिक वर्षं युरोपात गेंडा म्हटलं की हाच छापला जायचा. ऐकीव माहिती इतक्या कौशल्याने काढली की खरी वाटते, याचा हा इतिहासातला सगळ्यात देखणा नमुना.

आणि १७९० च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याचं चित्र काढतो. समोर बघून. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करायचा. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि गंगाराम तिथे पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन शिकला. वेरूळ आणि कार्ल्याची लेणीही त्याने रेखाटली. १७९५ मध्ये वेल्स वारला, सवाई माधवरावही गेले, आणि शाळा तिथेच संपली. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उघडायला अजून साठेक वर्षं होती. शाळेत आम्हाला सवाई माधवरावांचा मृत्यू शिकवला, चित्रशाळेबद्दल एक ओळ नव्हती.

गंगारामची बरीच चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. वेबसाइटवर नाव टाकून शोधा, फोनवर झूम होतात. मी सध्या त्या गेंड्याची नक्कल करतोय. २बी आणि ४बी. दोन रात्री झाल्या, अजून मानेच्या वळ्यांवरच आहे.